नीरडिकीचा अर्थ

भवानी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात धोंडीरामबुवांच्या मालकीची अकरा भिंतीवरची घड्याळं आहेत. बुवा वयाच्या चौथ्या वर्षी देवी येऊन आंधळे झाले. सत्कार करणाऱ्या एकाही मंडळाला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत. घड्याळाच्या काचेवर देणाऱ्याचं नाव लाल अक्षरात असतं, आणि ज्यांना ते वाचता येतं त्यांच्यासाठीच तर सत्कार असतो. बुवांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, एक घड्याळ भिंतीला लावलं आणि बाकीची खाटेखाली रचली. नात्यात लग्न निघालं की त्यातलं एक जातं. पुढच्या सत्काराला दुसरं येतं.

बुवांना याचा राग येत नसे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो, असं त्यांचं म्हणणं. "डोळं दिलं की देव डोस्क्याकडं बगतच न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोर तहसीलदार असो की वाणी, ते सगळ्यांना सारखंच ऐकायला मिळे. लोक हसत. बुवा विनोद करतात असं त्यांना वाटे, आणि त्यामुळे बुवांचं मत आणखी पक्कं होई.

पोटापाण्यासाठी त्यांनी चाळीस वर्षं वेतानं खुर्च्या विणल्या. आंधळ्यांच्या शाळेत तेवढं एक शिकवलं होतं. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेल्या. "कुटला सायेब बसून असतो आन कुटला हिंडतो, मला इचारा," असं ते म्हणत. हे खुर्चीचं काम झालं पोटाचं. खरं काम एकतारी भजनाचं, आणि त्यात वैरागपासून अक्कलकोटपर्यंत धोंडीरामबुवांच्या तोडीचा माणूस नव्हता. हे बुवा स्वतःच सांगत, पण खोटं नव्हतं. शेजारी यंत्रमाग खडखडत असताना त्यांनी आवाज तयार केला होता. मागांच्या वर आवाज काढायचा आणि तरी ओरडायचं नाही, हे ज्याला जमलं त्याला माईकची काय पत्रास.

हल्लीच्या गाणाऱ्यांविषयी बोलायला लागले की मुक्ताबाई उठून स्वयंपाकाला जात. जाकीट घालणारे, पेटीवर सिनेमाच्या चाली वाजवणारे, मोबाईलवर तोंड दाखवणारे, अभंगाचा अर्थ न कळता नुसतं आळवणारे, सगळ्यांची एकेक करून साल निघे. शेवटच्यांवर बुवांचा विशेष दात होता. "शब्दाचा अर्थ ठावं न्हाय आन तोंड उघडतोय. आरं, बैल तरी काय वेगळं करतंय?" असं ते भर मंडपात म्हणत. एकदा एका बिचाऱ्या शिक्षकानं अभंगातल्या एका शब्दाचा अर्थ चुकवला, तर बुवांनी त्याला गावजेवणाच्या पंगतीपर्यंत सोडलं नाही. तो शिक्षक पुढं भजनाला दिसला नाही.

आता बुवांची गादी कशावर उभी होती ते सांगायला हवं.

बुवा मूळचे वैरागजवळच्या एका वाडीतले. घरी मेंढरं. आंधळं पोर मेंढरांमागं कसं जाणार, म्हणून बापानं आधी शहरातल्या शाळेत टाकलं आणि पुढं पंचविशीत वळसंगच्या मल्लप्पांकडं आणून सोडलं. मल्लप्पा जन्मांध. घरात कानडी, पण अभंग असा स्वच्छ मराठीत म्हणायचे की पुण्याच्या माणसानं मान खाली घालावी. त्यांच्याकडं आधीपासून एक शिष्य होता, सोमलिंग. तो अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा, आणि तोही आंधळा. एका घरात तीन आंधळे, आणि त्यांना करून घालणारी एकटी सून, काशम्मा. तिचा नवरा सोलापुरात गिरणीत होता, आठवड्यानं यायचा.

बुवा त्या घरात आठ वर्षं राहिले. मल्लप्पा सुरुवातीला म्हणाले होते, "धोंडी, थोडं कानडी शीक. घरात बरं पडंल." बुवांनी उत्तर दिलं, "गुर्जी, तुमचं मराठी मला पुरतंय." त्यांना कानडी म्हणजे दगडावर डबा आपटल्यासारखी भाषा वाटे. सोमलिंग आणि काशम्मा आपापसात बोलत तेव्हा हे तोंड फिरवून बसत. आठ वर्षांत 'बा' आणि 'होग', ये आणि जा, एवढेच दोन शब्द कानात शिरले असतील, तेही नाइलाजानं.

मग मल्लप्पा तापानं पडले. वैशाखातली दुपार. सोमलिंगला कुणाच्या तरी बैलगाडीवर घालून डॉक्टरला आणायला पाठवलं होतं, आणि काशम्मा नवऱ्याला निरोप धाडायला गावात गेली होती. उशाशी एकटे धोंडीराम. मल्लप्पा दोन दिवस बोलले नव्हते. त्या दुपारी त्यांनी चाचपून शिष्याचा हात धरला, जवळ ओढला आणि कानाशी म्हणाले, "नीरडिकी." थांबून परत म्हणाले, "नीरडिकी."

बुवांनी ओळखलं. गुरुमंत्र. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली तो गुरूनं जाताजाता कानात घातला, आणि सोमलिंगच्या नव्हे, आपल्या. त्यांनी गुरूच्या पायावर डोकं ठेवलं, खुंटीवरची एकतारी घेतली आणि तो शब्द पूर्ण आवाजात आळवायला सुरुवात केली. मल्लप्पा बराच वेळ ओठ हलवून साथ देत होते. मग थांबले.

बुवा ही हकीगत सांगताना इथं नेहमी थांबत. मंडपात हुंदके येत. हुंदके संपले की बुवा अर्थ सांगत, कारण अर्थाशिवाय शब्द म्हणजे बैल. "निर् मंजी न्हाय. डिकी मंजी डाग, देहाचा डाग. ज्याला देह न्हाय, डाग न्हाय, आकार न्हाय, त्यो निर्डिकी." कधी मूड असला तर डिकीचा डोंगरही होई, आणि देव डोंगरापलीकडं जाऊन बसे. बार्शीकडच्या एका गावात मागं बसलेला कुणी टवाळ म्हणाला, "बुवा, डिकी मंजी स्कूटरची व्हय?" त्याची आई-बहीण बुवांनी इतक्या शुद्ध भाषेत काढली की बायकांनाही ते प्रवचनच वाटलं.

मंत्र ज्याला मिळाला त्याची एकतारी, असं वळसंगच्या जुन्या लोकांनी ठरवलं. बुवा एकतारी घेऊन सोलापूरला आले. सोमलिंग काही बोलला नाही. तो वळसंगातच राहिला, काशम्माच्या ओट्यावर, आणि एसटी स्टँडवर खंजिरी घेऊन बसू लागला. बुवा त्याला 'स्टँडसम्राट' म्हणत. वर्षा-दोन वर्षांनी कुठं गाठ पडली की सोमलिंग एकच विचारी, "अजून म्हनतोस व्हय त्यो शब्द?"

"म्हनतो की."

"म्हन," एवढं बोलून तो गप्प होई. जळतो, असं बुवा मुक्ताबाईंना सांगत.

कानडी गावांतही बुवांना मान होता. तिथं मात्र ते अर्थ सांगत नसत. "त्यास्नी मराठी कुटं धड कळतंय? मोती टाकायचं कशाला?" तिथं ते नुसता शब्द आळवत, आणि आश्चर्य म्हणजे मराठी गावांपेक्षा तिथंच लोक जास्त रडत. एकदा एका म्हाताऱ्यानं पाय धरून सांगितलं, "बुवा, हे आमच्या सगळ्यांचं हाय." बुवांनी ते आपल्या आवाजाच्या नावावर जमा करून टाकलं. पेठेत भाजी विकायला बसणारी एक बाई एकदा म्हणाली, "बुवा, तुमी ते म्हनता न्हवं, त्येला आमच्यात..." बुवांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. "बाई, तुजी वांगी किडकी हायत, ती आदी बग," म्हणाले. पुन्हा तिनं तोंड उघडलं नाही.

अशी एक्केचाळीस वर्षं गेली. बुवा चौऱ्याहत्तरचे झाले, आणि मग बापूसाहेबांना त्यांची आठवण झाली.

बापूसाहेब म्हणजे ज्यांच्याशिवाय जिल्ह्यात एकही फीत कापली जात नाही असे गृहस्थ. पूर्वी कुठंतरी संचालक होते, आता सगळीकडंच अध्यक्ष असतात. अत्तराचा वास आधी येतो आणि बापूसाहेब मागून. ते म्हणाले, "बुवा, आम्ही वळसंगला तुमच्या गुरूंच्या समाधीवर संगमरवरी पाटी बसवतोय. त्यावर तुमचा महामंत्र, आणि खाली त्याचा अर्थ. तुमच्या हस्ते अनावरण. सोबत तुम्हाला जीवनगौरव."

मल्लप्पांचं समाधीस्थान म्हणजे त्यांच्याच शेतातल्या लिंबाखालचा दगड. जिवंतपणी ते नुसते मल्लप्पा होते. पाटीवर ते सद्गुरू मल्लप्पा महाराज झाले होते. बुवा एरवी अशा गोष्टींवर थुंकले असते. पण या वेळी ते गप्प बसले, कारण पाटी दगडाची होती. टॉवेल-टोपी विरते, घड्याळ लग्नात जातं. दगडावर कोरलं की शंभर वर्षांनीही कळणार की मल्लप्पांनी शेवटचा शब्द धोंडीरामला दिला. सोमलिंगला नाही. बुवांना आयुष्यात हीच एक गोष्ट खरोखर हवी होती, आणि ती इतकी हवी होती की बापूसाहेबांचं अत्तरही त्यांनी सहन केलं. त्यांनी मजकूर सांगितला: निर्डिकी. अर्थ: जो निराकार, निर्गुण, देहाच्या डागापलीकडचा.

रात्रीचं जेवताना मुक्ताबाई म्हणाल्या, "आवो, कोरायच्या आदी तितल्या कुनाला तरी दाकवा की. गुर्जींचं घर हाय ते."

"कुनाला दाकवू? काशम्माला? तिला भाकरीचा अर्थ इचार, सांगंल."

मुक्ताबाईंनी ताटात आणखी भाकरी वाढली आणि विषय सोडला. चाळीस वर्षांच्या संसारात विषय कधी सोडायचा हे त्या शिकल्या होत्या.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. म्हणजे बापूसाहेब दुपारी एक वाजता येणार हे ठरलेलं. बुवा आणि मुक्ताबाई नवाच्या एसटीनं वळसंगला उतरले. मंडपवाले अजून खांब पुरत होते. उन्हात कुठं बसायचं, म्हणून मुक्ताबाईंनी बुवांचा हात धरून त्यांना मल्लप्पांच्या घरी नेलं. पुण्यतिथीला बुवा शेतात समाधीवर येत, पण या घराचा उंबरा त्यांनी एकतारी नेली त्या दिवसापासून ओलांडला नव्हता. ओट्यावर कुणीतरी खोकलं. खोकल्यावरून बुवांनी सोमलिंगला ओळखलं आणि न बोलता आत गेले.

काशम्मा आता सत्तरीची होती. तिनं घोंगडं टाकलं, चहा केला, मुक्ताबाईंची चौकशी केली. मग बुवांच्या समोर खाली बसली.

"अण्णा, आज तुला एक बोलनार हाय मी. लई वर्सं ऱ्हायलंय."

"बोल की."

"तुजं पाप फिटलं. मी मनातनं काडून टाकलंय. आज पाटी बसतीय मामांची, म्हटलं आजच सांगावं."

बुवा हसले. "माजं पाप? कुटलं गं? लई हायत, नाव घे."

"त्या दिवसाचं," काशम्मा म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. "मी गावात जाताना घडा भरून ठिवून गेल्ते, मामांच्या उशाला, तुज्या हाताला लागंल असा. आले तर तसाच काठोकाठ. मामांचं तोंड कोरडं, व्हट फुटल्यालं. मला इतका राग आला, अण्णा, वाटलं तुला हाकलून द्यावं. पन तू छातीवर हात मारून, नीरडिकी, नीरडिकी, म्हनून रडत व्हतास. मग म्हटलं, ह्येला कळलंय आपन काय केलं. आनि पुडं तू तेच गावोगाव म्हनत हिंडलास. आपलं पाप असं चारचौघात कोन म्हनतंय? रेडूवर तुजं गानं लागलं तवा मी सोमलिंगला बोलले, मोटा मानूस हाय ह्यो."

चहा बुवांच्या हातात तसाच राहिला. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण तोंडातून तो गेला.

"काशम्मा, नीरडिकी मंजी काय?"

तिला वाटलं बुवा परीक्षा घेतात. "तहान की रे अण्णा. दुसरं काय?"

मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. काशम्मा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मंजी, तुला ठावं न्हवतं?"

बुवा उठले. मुक्ताबाईंचा हात त्यांनी झटकला आणि भिंत चाचपत ओट्यावर आले. खोकल्याच्या दिशेनं जाऊन सोमलिंगच्या पुढ्यात बसले. दोन म्हातारे, दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"कवापासनं?"

"तू पयल्यांदा म्हनलास तवापासनं. अंत्यविधीला. समद्यांना सांगत व्हतास, मंत्र मिळाला, मंत्र मिळाला."

"मग बोलला का न्हाईस, भडव्या? एक्केचाळीस वर्सं माजी फजिती बगत बसलास?"

सोमलिंगनं खंजिरी मांडीवरून खाली ठेवली. "बोललो असतो तर तू ऐकला असतास?"

शिक्षक, भाजीवाली, स्कूटरवाला, सगळे बुवांना आठवले, आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"आनि दुसरं," सोमलिंग म्हणाला, "मल्लप्पा पानी मागत व्हता असं मी सांगितलं असतं तर गावानं एकतारी तुज्याकडनं काडून मला दिली असती. मला तशी नको व्हती. शिवाय तू त्यो शब्द लई चांगला म्हनायचास. मला रडू यायचं. वाटायचं, मल्लप्पाची तहान अजून कोनतरी सांगतंय. सांगनाऱ्याला ठावं न्हाय, न्हाय तर न्हाय."

अर्थ न कळता आळवणारा बैल कोण, हे बुवांनी आयुष्यभर शेकडो लोकांना सांगितलं होतं. आता ओट्यावर बसून त्यांना त्या दुपारचे ओठ आठवत होते. साथ देत होते, असं ते सांगत आले. मल्लप्पा पाणी मागत होते, आणि आपण त्यांच्या मागण्यावर आपला आवाज चढवत होतो. मागांच्या वरचा आवाज. त्या आवाजापुढं तापलेल्या म्हाताऱ्याचं काय चालणार.

बापूसाहेब एक वाजता आले. पुढच्या रांगांत त्यांच्याबरोबर सोलापूर-बार्शीहून आलेली मंडळी, मागं वळसंगचे लोक. बुवांना व्यासपीठावर मधल्या खुर्चीवर बसवलं. गुरुबंधू म्हणून सोमलिंगलाही कडेला जागा मिळाली. पाटीवर पिवळा कपडा होता. बुवांनी मुक्ताबाईंना सांगितलं होतं, पाटी उघडू द्यायची नाही. मुक्ताबाई बापूसाहेबांच्या माणसांना तीनदा सांगून आल्या. माणसं म्हणाली, "हो हो, बघू," आणि गुच्छ कुठल्या हातानं द्यायचा याची चर्चा करत राहिली.

बापूसाहेबांनी माईकवर अर्थ वाचून दाखवला. "निराकार, निर्गुण, देहाच्या डागापलीकडचा!" पुढं टाळ्या झाल्या. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली, कानडीत. कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. त्याच वेळी दोरी ओढली गेली आणि कपडा खाली आला. बुवांना तो कपडा पडल्याचा आवाज ऐकू आला.

ते उठले. कुणी धरायला यायच्या आत त्यांनी माईक चाचपून धरला.

"ह्यो मंत्र न्हाय," बुवा म्हणाले. "पाटीवरचं खोटं हाय. मीच सांगितलेलं खोटं हाय. नीरडिकी मंजी तहान. माजा गुरू मरताना पानी मागत व्हता. मला कानडी येत न्हवतं, शिकायची लाज वाटायची. घडा उशाला व्हता. मी दिलं न्हाय. मी गात बसलो. त्यो मागत मागत गेला."

बुवांना वाटलं, आता कुणीतरी दगड मारेल. मारावा असंच त्यांना वाटत होतं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोरच्या माणसांकडून काही हवं होतं: नुसतं हे, की त्यांनी ऐकावं.

बापूसाहेबांनी दुसरा माईक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. "वा, बुवा, वा! काय विनम्रता! महाराजांची तहान, म्हणजे कशाची तहान, मंडळी? भक्तीची तहान! ज्ञानाची तहान! आणि शिष्य म्हणतो, मी पाणी दिलं नाही, म्हणजे काय? म्हणजे मी अजून अपुरा आहे! केवढं मोठं रूपक!"

"रूपक न्हाय," बुवा ओरडले. "पानी. घड्यातलं. पेयाचं पानी."

टाळ्या दुप्पट झाल्या. पुढच्या रांगेतली एक बाई रडत होती. वळसंगच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना तहानेचा अर्थ आधीपासून ठाऊक होता, आणि बुवा देवाच्या तहानेचं गातात असंच ते इतकी वर्षं समजत आले होते. त्यांच्या दृष्टीनं बुवांनी नवीन काही सांगितलंच नव्हतं. बापूसाहेबांनी शेजारच्याला सांगितलं की पाटीवर आणखी एक ओळ कोरून घेऊ, अर्थ दुसरा म्हणून. एकटी काशम्मा मान खाली घालून बसली होती, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

बुवा परत तोंड उघडणार तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून सोमलिंगचा हात आला आणि त्यानं त्यांचा सदरा ओढला.

"बस खाली, धोंडी. आता कोन ऐकत न्हाय."

"आरं, पन खरं सांगतोय मी त्यास्नी."

"व्हय की. पन शब्दाचा अर्थ भलताच काडायला एक्केचाळीस वर्सं त्यास्नी कुनी शिकवलं?"

बुवा खाली बसले. त्यांच्या मांडीवर कुणीतरी एकतारी आणून ठेवली. बापूसाहेब माईकवरून म्हणाले, बुवांनी महामंत्र म्हणावा अशी सर्वांची इच्छा आहे. बुवांनी एकतारी मांडीवर सरळ केली. मग त्यांनी तार छेडली आणि तो शब्द म्हटला. आळवला नाही, ताणला नाही, वर नेला नाही. कोरड्या घशानं दोनदा म्हटला, जसा कानाशी ऐकला होता तसा, आणि हात तारेवरून काढून घेतला.

लोक थोडा वेळ वाट बघत राहिले, पुढं काही येईल म्हणून. मग आभार झाले. जेवणाच्या पंगतीत, आमटी वाढता वाढता, बार्शीकडचे दोघे-तिघे म्हणत होते की बुवा आता थकले, मंत्रात पूर्वीची गोडी राहिली नाही.